मेंढी कशी मेली, ते डॉक्टरला सांगितलंत का?

एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून आणि थोडं कापून इथे देत आहे.

‘डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही मेंढपाळ. पावसाच्या तोंडावर आमचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा कळप आणि तळ, गावाकडे परत आला. पहिला मोठा पाऊस झाला, त्यानंतर काही दिवसांनी आमची एक धडधाकट मेंढी संध्याकाळी नीट चरून आली आणि पहाटे मरून पडलेली दिसली. नाकातून काळपट रक्त आलं होतं, पोट फुगलं होतं. कोवळं गवत जास्त खाल्लं असेल, असं सगळे म्हणाले. फुकट कशाला घालवायची म्हणून आप्पांनी कातडं सोललं आणि चार घरांत वाटे घातले. आम्हीही खाल्लं. मटण मीच धुतलं. पाचव्या दिवशी आप्पांच्या उजव्या मनगटाच्या वर एक पुळी आली. नुसती खाजायची. मग भोवतीनं पाण्याचे बारीक फोड आले आणि मधला भाग काळा पडला. आता रुपयाएवढी काळी खपली आहे, हात कोपरापर्यंत सुजला आहे आणि काखेत अवधानाची गाठ आली आहे. पण दुखत अजिबात नाही. गावातल्या डॉक्टरांनी कोळी चावला असेल म्हणून एक इंजेक्शन आणि सेफिक्झिमच्या गोळ्या दिल्या. चार दिवस झाले, काही फरक नाही. आजी बिब्बा लावू म्हणते. मी बी.एस्सी.ला आहे. मोबाईलवर शोधलं तर अँथ्रॅक्स निघालं आणि त्याखाली पाकिटातून पावडर पाठवून माणसं मारल्याच्या बातम्या. मी रात्रभर झोपले नाही. आप्पा म्हणतात, दुखत नाही तर सिव्हिलला कशाला जायचं? आणि मेंढीचं तर नावच काढायचं नाही, लोक आपल्या अंगावर येतील. घरात भावाचं दोन वर्षांचं पोर आहे, त्याला लागेल का? ज्यांनी खाल्लं त्यांचं काय? मी होस्टेलला परत जाऊ की नको?’

बाळ, तुझं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी तुला फोन केला. हे सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं दुखणं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी तू आप्पांना सिव्हिलला नेलंस, तिथे नमुने घेऊन औषध सुरू झालं, हे तू कळवलं आहेस. त्यामुळे आता थोडं निवांत लिहिता येईल. तुझ्यासाठी लिहिते आहेच, पण पावसाळ्याच्या तोंडावर ज्यांच्या दावणीत किंवा वाड्यात एखादं जनावर असं अचानक मरून पडतं, त्या सगळ्यांसाठीही.

सगळ्यात आधी आप्पांच्या त्या वाक्याबद्दल. ‘दुखत नाही तर कशाला जायचं?’ अँथ्रॅक्स हा मुळात जनावरांचा, जंतूमुळे होणारा रोग. तो माणसाला झाला की सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच असते. साधं गळू असतं ते ठणकतं, लाल होतं, त्यात पू होतो, माणूस रात्री उठून बसतो. मधुमेह असणाऱ्यांना मानेवर किंवा पाठीवर जी मोठी काळपुळी होते, तिनं तर जीव नकोसा होतो. अँथ्रॅक्सची पुळी मात्र खाजते आणि गप्प बसते. पहिले एक-दोन दिवस डास चावल्यासारखा ठिपका, मग त्याच्या कडेनं पाणी भरलेले फोड, मग मध्ये खड्डा आणि खड्ड्यावर कोळशासारखी काळी, घट्ट खपली. पू नाही, वेदना नाही. आणि जखमेच्या मानानं सूज मात्र भलतीच मोठी. खपली बोटाच्या पेराएवढी आणि सूज कोपरापर्यंत, असं दिसलं की डॉक्टरच्या मनात शंका यायलाच हवी. काखेत आलेलं अवधान, बारीक ताप, डोकं जड होणं हे त्याच्या जोडीला येतं. जनावराशी संबंध आल्यापासून साधारण 1 ते 7 दिवसांत हे सुरू होतं, क्वचित दोन आठवडेही लागतात. आप्पांचा पाचवा दिवस त्यात बरोबर बसतो. निसर्गात माणसाला जो अँथ्रॅक्स होतो, त्यातला 95 टक्क्यांहून जास्त हा असा, कातडीचाच असतो.

तरी काळी खपली म्हणजे अँथ्रॅक्सच, असं समजू नये. आपल्याकडे स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्यानं येणाऱ्या तापातही काळी खपली पडते. पण ती बहुधा लहान असते, काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली अशी झाकल्या जागी सापडते, भोवती एवढी सूज नसते आणि ताप व डोकेदुखी मात्र जबरदस्त. मेंढ्यांना तोंडावर मावा नावाचा फोडांचा आजार येतो, तो हाताळणाऱ्या माणसाच्या बोटावरही उठतो. तो गाठीसारखा असतो आणि हळूहळू आपोआप जातो. कोळी चावल्यानंही कातडी काळी पडते, पण तिथे दुखणं जास्त असतं. तेव्हा गावातल्या डॉक्टरांच्या मनात कोळी आला, त्यात त्यांचा दोष मी धरणार नाही. त्यांच्यासमोर एक माणूस हात पुढे करून उभा होता आणि त्यानं मेंढीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. अर्धं निदान त्या न सांगितलेल्या गोष्टीत अडकलं होतं.

तू फोनवर सांगितलेल्या दोन गोष्टी मी इथे मुद्दाम लिहिते, कारण पत्रात त्या नव्हत्या. कातडं सोलताना रक्त गोठतच नव्हतं, पातळ आणि डांबरासारखं काळं होतं. आणि मेंढी मरून बराच वेळ झाला तरी तिचे पाय ताठले नव्हते. धडधाकट जनावर काही कळायच्या आत मरणं, पोट झपाट्यानं फुगणं, नाकातोंडातून किंवा शेणाच्या जागेतून न गोठणारं रक्त येणं आणि अंग न ताठणं, ही चारही लक्षणं एकत्र दिसली की पशुवैद्य त्या जनावराला सुरी लावू देत नाहीत. आंत्रविषार या आतड्याच्या रोगानं, विषबाधेनं, सापानं, विजेनंही मेंढी अशी तडकाफडकी मरते, हे खरं. म्हणूनच अंदाजानं ठरवायचं नाही. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला तरी पशुवैद्यांना उत्तराचा धागा मिळतो, आणि जनावर फाडावं लागत नाही.

फाडायचं का नाही, हेही ऐकून ठेव. बॅसिलस अँथ्रॅसिस हा अँथ्रॅक्सचा जंतू जनावराच्या रक्तात असतो तेव्हा नाजूक असतो. मेलेलं जनावर न फाडता तसंच राहिलं तर सडताना तो काही दिवसांत आतल्या आत मरतो. पण रक्त बाहेर सांडलं, हवा लागली की तो बीजाणूचं रूप घेतो, आणि हा बीजाणू ऊन, पाऊस, दुष्काळ सगळं पचवून मातीत कित्येक वर्षं टिकतो. ब्रिटिश सरकारनं 1942 मध्ये स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड नावाच्या बेटावर मेंढ्यांवर अँथ्रॅक्सची चाचणी घेतली होती. ते बेट फॉर्माल्डिहाइडनं धुऊन काढावं लागलं आणि 1990 मध्ये कुठे ते सुरक्षित म्हणून जाहीर झालं. चुन्याचा अंश असलेल्या मातीत हे बीजाणू चांगले तग धरतात, आणि कोरड्या हंगामानंतरच्या पहिल्या पावसात ते वर येतात. अशा वेळी मेंढी जमिनीला तोंड घासून कोवळं गवत ओरबाडते. तुमची मेंढी नेमकी त्याच दिवसांत गेली.

आता सिव्हिलमध्ये आप्पांचं काय काय केलं आणि का, ते सांगते. तू म्हणालीस की तिथल्या डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी जखमेतला नमुना घेतला, याचं तुला आश्चर्य वाटलं. त्यांनी अगदी बरोबर केलं. योग्य औषधाचा डोस पोटात गेला की 24 तासांत जखमेतले जंतू मरतात आणि मग लॅबमध्ये काहीच वाढत नाही. म्हणून आधी नमुना, मग गोळी. पण नमुना घ्यायला तासभर लागणार असेल तर तासभर थांबायचं, आणि रिपोर्ट यायला दोन-चार दिवस लागणार असतील तर दोन-चार दिवस थांबायचं नाही. अँथ्रॅक्सची शंका आली की औषध शंकेवरच सुरू करायचं असतं.

नमुना फोडातल्या पाण्याचा सगळ्यात चांगला. फोड फुटून गेले असतील तर खपलीची कड चिमट्यानं हलकेच उचलून तिच्याखालून ओला कापूस फिरवतात. खपली उपटत नाहीत. जोडीला रक्त घेतात. काचपट्टीवर जंतू ओळखायचा ‘ग्रॅम’ नावाचा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी टोकांचे मोठे जंतू एकापुढे एक साखळीनं दिसतात, बांबूच्या पेरांसारखे. पॉलिक्रोम मिथिलीन ब्लू नावाचा दुसरा रंग दिला तर जंतू निळा आणि त्याच्या भोवतीचं कवच गुलाबी दिसतं. काचपट्टीवर इतकं दिसलं आणि मेंढीची गोष्ट कानावर असली, तर निदान जवळजवळ ठरतं. पुढे जंतू वाढवून बघणं आणि पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, यांनी शिक्कामोर्तब होतं. लॅबला ‘अँथ्रॅक्सची शंका आहे’ असं नमुन्यासोबत लिहून कळवावं लागतं, कारण वाढवलेले जंतू हाताळताना तिथल्या माणसांना स्वतःची वेगळी काळजी घ्यावी लागते. शिवाय नुसतं ‘जखमेचा नमुना’ असं लिहिलं तर असे जंतू कित्येकदा मातीतून आलेला कचरा म्हणून बाजूला टाकले जातात. म्हणजे मेंढीची गोष्ट डॉक्टरपर्यंत पोचून भागत नाही, ती लॅबपर्यंतही जायला हवी.

रिपोर्ट ‘काही वाढलं नाही’ असा आला तर? तुझ्या आप्पांच्या बाबतीत ते होऊ शकतं. गावात दिलेलं इंजेक्शन कशाचं होतं हे कुणालाच माहीत नाही. ते पेनिसिलिनचं असेल तर जंतू वाढणार नाहीत. अशा वेळी पीसीआरचा उपयोग होतो, कारण त्याला जिवंत जंतू लागत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूशी लढायला शरीर तयार करतं त्या घटकांची, तपासणीही करता येते, पण त्यासाठी एक नमुना आता आणि दुसरा काही आठवड्यांनी असे दोन द्यावे लागतात आणि दोन्हींतला फरक बघावा लागतो. नुसता एक नकारात्मक कागद हातात आला म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.

सेफिक्झिमनं फरक का पडला नाही, हा तुझा प्रश्न फार चांगला होता. सेफिक्झिम, सेफ्ट्रिअक्झोन ही सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं आपल्याकडे तापापासून जखमेपर्यंत सर्रास दिली जातात. अँथ्रॅक्सच्या जंतूवर ती चालत नाहीत, हा त्याचा मूळचाच गुण आहे. सेप्ट्रान म्हणून ओळखली जाणारी कोट्रायमोक्सॅझोलची गोळीही नाही. म्हणजे चार दिवस आप्पांनी महागडं औषध घेतलं आणि जंतूला त्याचा पत्ताही लागला नाही. उलट जी औषधं चालतात ती अगदी जुनी, स्वस्त आणि कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळणारी आहेत. कातडीपुरता आजार असेल तर मोठ्या माणसाला सिप्रोफ्लॉक्सासिन 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. जंतू पेनिसिलिनला दबतो असं लॅबनं सांगितलं तर अमॉक्सिसिलिनही. लहान मुलं, गरोदर बाई, मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस यांचं औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील. हे आकडे मी लिहिले ते केसपेपर वाचताना समजावं म्हणून. मेडिकलमध्ये जाऊन स्वतः घ्यायला नाही.

आप्पांना डॉक्सिसायक्लिन दिलं आहे, असं तू सांगितलंस. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशाखाली जळजळ होते. तिच्यामुळे ऊन बाधतं, तेव्हा आठ-दहा दिवस मेंढ्यांमागे दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. दूध किंवा ॲसिडिटीचं औषध आणि ही गोळी यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिनलाही हेच लागू.

मोबाईलवर तू ‘60 दिवस गोळ्या’ असं वाचलंस आणि घाबरलीस. ते श्वासातून बीजाणू आत गेलेल्यांसाठी आहे. फुप्फुसात गेलेले बीजाणू आठवडेच्या आठवडे झोपून राहतात आणि मग उठतात, म्हणून औषध तितका काळ चालू ठेवावं लागतं. अमेरिकेत 2001 मध्ये टपालातून बीजाणू पाठवले गेले, 22 जण आजारी पडले, त्यातले 5 दगावले. जगभर बातमी झाली ती त्याची, आणि तेव्हापासून या रोगाचं नाव काढलं की लोकांना पांढरी पावडर आठवते. तुमच्या वाड्यात जे झालं ते त्याच्या हजारो वर्षं आधीपासून मेंढ्या राखणाऱ्यांना होत आलेलं दुखणं आहे. आप्पांसारख्यांना साधारण 7 ते 10 दिवसांचं औषध पुरतं. उपचार न केलेल्या कातडीच्या अँथ्रॅक्समध्ये शंभरातले दहा-वीस जण दगावतात. वेळेवर औषध मिळालं तर शंभरातला एकही सहसा जात नाही. आप्पांना सिव्हिलला ने, असं तुला फोनवर मी इतक्या चढ्या आवाजात सांगत होते, त्याचं कारण हे दोन आकडे.

औषध सुरू होऊन दोन दिवस झाले आणि तुझा मेसेज आला, ‘खपली आणखी काळी आणि मोठी झाली, औषध लागू पडत नाही का?’ लागू पडतं आहे. हा जंतू विष तयार करतो. त्यातला एक घटक पेशींभोवती पाणी साठायला लावतो, म्हणून ती मोठी सूज. दुसरा पेशी मारतो. औषध जंतूला मारतं, पण आधीच अंगात उतरलेलं विष त्याला परत घेता येत नाही. त्यामुळे जंतू मेले तरी पुळी ठरलेल्या वाटेनंच जाते. काळी होते, सुकते आणि दोन-तीन आठवड्यांत खपली आपली आपण पडते. बघायचं ते वेगळंच. ताप उतरला का, सुजेची कड पुढे सरकते आहे की थांबली. बॉलपेननं सुजेच्या कडेवर रेघ ओढून ठेव आणि सकाळ-संध्याकाळ बघ.

आणि ती खपली कुणीही कापायची नाही, चिरा द्यायचा नाही, पिळायची नाही. आतला जंतू त्यानं पसरतो. कोरडी ठेवायची, वर स्वच्छ पट्टी. आजीच्या बिब्ब्याला तू नाही म्हणालीस ते फार बरं केलंस. बिब्ब्याचं तेल स्वतःच कातडी भाजतं, फोड आणतं, काळं करतं. मग जंतूनं केलेलं कुठलं आणि बिब्ब्यानं केलेलं कुठलं, हे भल्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. डाग देणं, तंबाखू बांधणं यांनाही हेच उत्तर. आजीचा मान राखायचा असेल तर तिला हळदीचं दूध द्यायचं काम दे, गोळीपासून तीन तास लांब.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्या तर 108 ला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. सूज खांद्याकडे, मानेकडे सरकणं. पुळी मुळातच चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर सुजेनं श्वासाची वाट दाबली जाऊ शकते. दम लागणं. ताप चढून थंडी भरणं. डोकं भयंकर दुखून मान आखडणं, असंबद्ध बोलणं. या शेवटच्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण अँथ्रॅक्सचा जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला की वाचणारे फार थोडे. तेव्हा गोळ्यांवर भागत नाही. शिरेतून दोन-तीन औषधं एकदम द्यावी लागतात, त्यातलं एक विषाची निर्मिती थांबवणारं, लिनेझोलिड किंवा क्लिंडामायसिनसारखं. विष निकामी करणारी प्रतिपिंडांची औषधंही आहेत, पण ती तालुक्याच्या दवाखान्यात मिळणारी गोष्ट नाही.

आता मटण खाल्लेली चार घरं. इथे आप्पांची भीती मला समजते. हजारो रुपयांची मेंढी गेली, त्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडात घास पडावा एवढाच त्यांचा हेतू. आता त्याच शेजाऱ्यांना जाऊन ‘तुम्हाला दिलेलं मटण रोगट होतं’ असं सांगायचं! पण न सांगण्याची किंमत त्यांच्यातलं कुणीतरी मोजेल. ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यात असे रुग्ण पुन्हा पुन्हा सापडत आले आहेत आणि तिथे बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. जनावर अचानक मेलं, सोललं, वाटे झाले, आणि काही दिवसांनी माणसं हातावर काळी खपली घेऊन दवाखान्यात. तू आशाताईंना यादी दिलीस, आणि त्या घरोघर जाऊन आल्या. हे काम त्यांनी केलं तर ते सरकारी काम होतं, आप्पांनी केलं तर भांडण झालं असतं.

खाण्यापेक्षा हाताळणाऱ्यांना धोका जास्त होता, हे लक्षात घे. ज्यांनी कातडं ओढलं, आतडी काढली, सत्तूर चालवला, ज्या बायकांनी कच्चं मटण धुतलं, त्यांचे हात आणि बाह्या रोज बघायच्या. नीट शिजलेल्या रश्श्यातून रोग होण्याची शक्यता कमी, कारण उकळताना जंतू मरतो. अर्धकच्ची कलेजी, निखाऱ्यावर वरवर भाजलेला तुकडा, हे धोक्याचं. पोटातला अँथ्रॅक्स दोन तऱ्हांनी दिसतो. एक घशाचा, म्हणजे घसा दुखणं, गिळता न येणं आणि मान सुजणं. दुसरा आतड्याचा, म्हणजे मळमळ, उलट्या, पोटात कळा, ताप, रक्ताची हगवण, पोटात पाणी होणं. हा कातडीच्या प्रकारापेक्षा कितीतरी घातक, उपचार मिळूनही. खाल्ल्यापासून आठवड्याभरात तो बहुधा दिसतो. तेवढा काळ आता उलटून गेला आहे आणि आशाताईंच्या फेरीत कुणालाच काही सापडलेलं नाही, म्हणजे थोडा सुटकेचा श्वास घ्यायला हरकत नाही. ज्यांनी कच्चं हाताळलं त्यांना प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का, ते वैद्यकीय अधिकारी ठरवतील. कुणी उरलेल्या मटणाच्या चान्या वाळत घातल्या असतील तर मात्र त्या खायच्या नाहीत, कुत्र्याला टाकायच्या नाहीत, जाळायच्या. हे विचारायला विसरू नकोस, कारण चान्यांचा विषय कुणी आपणहून काढत नाही.

आणि कातडं कुठे आहे? तू पत्रात लिहिलं नाहीस. व्यापाऱ्याला विकलं असेल तर त्याला सांगावंच लागेल. तो ते हातात घेणार, मीठ लावणार, पुढे पाठवणार. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात लोकर निवडणारे कामगार धडाधड मरायचे. तो होता फुप्फुसाचा अँथ्रॅक्स, लोकरीच्या धुळीतून आलेला. दोन-तीन दिवस सर्दी-तापासारखं वाटायचं आणि मग एकाएकी श्वास कोंडून माणूस जायचा. तुमच्या एका कातड्यानं असं होईल असं नाही, पण ते घराच्या आढ्याला वाळत टाकलेलं असेल तर ते झटकू नका, झाडू मारू नका. पशुवैद्यांना दाखवा, ते सांगतील तसं जाळा.

भावाच्या पोराबद्दल तू तीनदा विचारलंस. हा रोग माणसाकडून माणसाला खोकण्यातून, एका ताटात जेवण्यातून, शेजारी झोपण्यातून होत नाही. जखमेच्या पाण्याला थेट हात लागून क्वचित झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून पट्टी बदलताना हातमोजे घाल, काढलेली पट्टी जाळ, हात साबणानं धू. सॅनिटायझरवर विसंबू नकोस, बीजाणूंवर तो चालत नाही. पोराला आप्पांच्या मांडीवर बसू दे, फक्त त्या हाताशी खेळू देऊ नको. मेंढी कापली त्या दिवशीचं धोतर, सदरा, घोंगडीचा तो तुकडा आणि सत्तूर अर्धा तास रटरटत्या पाण्यात ठेवा.

राहिला वाडा. 1962 या नंबरवर फोन केला की पशुसंवर्धन खात्याचं फिरतं पथक येतं. आप्पांना वाटतं मेंढ्या जप्त करतील. तसं काही नाही. 2009 च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या केंद्रीय कायद्यात अँथ्रॅक्स आहे, आणि त्यात कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे कळवलं तर नव्हे, लपवलं तर अडचण. पथक येऊन बाकीच्या मेंढ्यांचा ताप बघेल, आजारी असेल तिला वेगळी करेल आणि लसीचं ठरवेल. आंत्रविषाराची, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस तुम्ही टोचता. अँथ्रॅक्सची लस मात्र सगळीकडे देत नाहीत, जिथे रोग सापडला त्या भागात देतात. ती बीजाणूंपासून केलेली जिवंत लस आहे, त्यामुळे तिच्या आगेमागे मेंढीला पेनिसिलिन टोचलं तर लस फुकट जाते. आप्पांची स्वतः इंजेक्शन टोचायची सवय मला माहीत नाही, पण बऱ्याच मेंढपाळांना असते, म्हणून लिहिलं. जिथे मेंढी कापली ती जागा काट्यांनी घेरून टाका, तिथे यंदा चारू नका. यापुढे कुठलंही जनावर असं मेलं तर नाक-तोंड-गुदद्वारात कापडाचे बोळे घालायचे, कुत्री-गिधाडं येणार नाहीत असं झाकायचं आणि 1962. मग ते सांगतील तसं जाळणं, किंवा खोल पुरणं. पुरताना चुना टाकायची आपल्याकडची रीत आहे, पण जागतिक आरोग्य संघटना अँथ्रॅक्सच्या बाबतीत चुना टाकू नका म्हणते, कारण त्यानं बीजाणू टिकायला मदतच होते.

होस्टेलला खुशाल जा. तुला जरी काही झालं असतं तरी मैत्रिणींना तुझ्यापासून लागलं नसतं, आणि मटण धुतलं त्याला आता दोन आठवड्यांहून जास्त झाले. हातावर पुळी आलीच तर कॉलेजच्या दवाखान्यात पहिलं वाक्य मेंढीचं सांग. निघण्याआधी आप्पांच्या केसपेपरचा फोटो काढून ठेव. रक्ताच्या दुसऱ्या नमुन्याची तारीख त्यावर लिहिलेली आहे, आणि खपली पडली की आप्पा त्या तारखेला सिव्हिलला जायला निघणार नाहीत. आदल्या दिवशी भावाला फोन कर.